न कापलेली पाने

जालना,
ता. १४ ऑक्टोबर १९३६

चि. उषा हिस बाबांचा ख्रिस्तात सप्रेम सलाम.

इकडे सर्व ठीक. तुझी आई भाजी फोडणीला टाकताना तुझं नाव काढते आणि मीठ दोनदा घालते.

तुझं पत्र पोचलं. नगरच्या शाळेत सगळ्यांसमोर त्या स्वित्झर्लंडच्या धर्मपंडितावर निबंध वाचायला तुला उभं करताहेत, हे मी रविवारी उपासनेनंतर तिघांना सांगितलं. आष्टीचे पाहुणे धरले तर पाच. पुंजाराम मास्तरची पोरगी! माझी मान अजून खाली आलेली नाही.

तू लिहितेस, "बाबा, तुम्ही त्यांचा तो इंग्रजी ग्रंथ सगळा वाचलाय. सुरुवात कुठून करू?"

ग्रंथ पाठवतोय. जिल्द वाळवीने खाल्लेली, म्हणून काल महेबूब जिल्दसाजाकडे नेला.

"मास्तर, वाचलीय ना ही किताब?"

"दोनदा," मी म्हणालो.

त्याने ग्रंथ उजेडात धरला. "मंग पानं कडेला जोडलेलीच कशी? चाकूनं कापल्याबिगर आत डोळा जात न्हाई. तुमी काय फुंकर मारून वाचली?"

उषा, पहिली सोळा पानं कापली होती मी. सात वर्षांपूर्वी पाद्रीसाहेबांनी मायदेशी परत जाताना ग्रंथ दिला. दर उन्हाळ्यात बसायचो. वाक्याची शेपटी हाती येईपर्यंत त्याचं डोकं निसटायचं. मग ग्रंथ टेबलावर उभा. येणारे-जाणारे म्हणायचे, मास्तर केवढं वाचतात! तूही दारातून बघायचीस. ते मला फार आवडायचं.

महेबूब भला माणूस. म्हणाला, "फिकीर नको. सगळी कडा छाटून बराबर करतो. पोरीला बिलकुल पता लागनार न्हाई."

मी हो म्हणालो. खरंच म्हणालो.

त्याने मधली एक घडी कापली, तर आत एक प्रवचन निघालं. उगाच वाचू लागलो, महेबूबला मराठीत सांगू लागलो. माणूस देवाकडे जायला शिड्या बांधतो, विद्येच्या, पुण्याईच्या. शिडी वाढते, आभाळ तेवढंच दूर. यायचं तर त्यानेच यावं, आणि तो येतो.

महेबूबचा खळ लावणारा हात थांबला. "मास्तर, हे तर मला बी समजून राह्यलं. वाचा पुढं."

वाचून झाल्यावर मी म्हणालो, "बाकीचं कापू नकोस."

तुला आठवतं? दुसरीत कविता म्हणताना तू थेट तिसरं कडवं धरायचीस, कारण त्यात मोर होता. मी छडी आपटून पहिल्यापासून म्हणायला लावायचो. दुपारचा तो वर्ग, चाळीस पोरांचा एक सूर, आणि मोरासाठी अडून बसलेला तुझा एकटीचा आवाज. अजून कानात आहे. चुकलं माझं, बाळ. मोरापासूनच सुरुवात करायची असते.

तर पान एकशे बारा, तेच प्रवचन. मोठ्याने वाच, हातात काम असलेल्या कुणाला तरी ऐकव. तिथल्या स्वयंपाकीणबाई चालतील. त्यांचा हात थांबला, की मग पहिल्या पानाकडे वळ. ते अवघड आहे. तेवढं मी अधिकाराने सांगू शकतो.

बाकीच्या घड्या तशाच आहेत. सोबत चाकू बांधलाय. त्या पानांत आपल्या घरातलं कुणी अजून गेलेलं नाही. पहिली तू.

निबंधानंतर कुणी विचारलंच, की वडिलांनी हा ग्रंथ वाचलाय का, तर खरं तेच सांग. मान मात्र वर ठेव. मीही ठेवलीय.

तुझा, सोळा पानांचा विद्वान,
बाबा