फियाटला कॅम कोणता

१३ जुलै
इंजिन उघडलं. कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची, पार झीज झालीय. म्हणून चढाईच्या शर्यतीत फियाट धापा टाकत होती, आणि मी सहा महिने स्वतःच्याच ड्रायव्हिंगला शिव्या घालतेय! गॅरेजवाले इकबालभाई म्हणाले, "दीदी, स्टैंडर्ड डलवा लो, टेंशन ख़त्म." नाही. घालायचाच तर जोरदार. जानेवारीत पुन्हा शर्यत. या वेळी शेवटून दुसरी यायचं नाही म्हणजे नाही.

१५ जुलै
बाबांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता, "रोज मुरारला ऑफिसला कशाने जाशील?"
ह्याच गाडीने.
"आणि विसर्जनाला?"
मंडळाचा गणपती आमच्या फियाटच्या टपावर बसतो, गाडी घेतली तेव्हापासून. पुढे ढोल, गाडी माणसाच्या चालीने, तासन्‌तास. आता चालवते मी, गाडीपुढे चालतात बाबा. नोकरी संपली, गुडघे गेले, एवढा एक मान उरलाय त्यांना.
"बाप्पा टपावर असताना बंद पडली, तर पुढच्या वर्षी मंडळातल्या शितोळ्यांचं पिकअप तयारच आहे."
म्हणजे दोन्ही साधायचं. साधेन.

१९ जुलै
इकबालभाईंकडे कुणाची तरी गाडी आलीय, सगळ्यात तिखट कॅमवाली. "आवाज़ सुनो, शेर है शेर!" शेर खरा. पण चालवून पाहिली तर दालबाजारात हातगाडीमागे अडकल्यावर शेराला उचक्या लागल्या आणि भर रस्त्यात बंद. मागून हॉर्न, शिव्या.
मोकळ्या रस्त्यावर मात्र... आई गं! पाठ सीटला चिकटली. तोच हवाय मला. खोटं कशाला लिहू.

२० जुलै
झोप नीट नाही. हिशेब सरळ आहे. कॅम जितका तिखट तितके व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे. इंजिन जोरात फिरलं की ताकद, हळू फिरलं की जीव नाही. आणि मी जोरात फिरवते कधी? शर्यतीच्या दिवशी. एरवी ऑफिस, भाजी, बाबांचे डॉक्टर.
मधला घ्यायचा. ठरलं.
इकबालभाईंचं तोंड उतरलं. "इसमें मज़ा नहीं आएगा, दीदी."
न येऊ दे.

९ ऑगस्ट
बसला! उभी असताना जराशी थरथरते, पण बंद पडत नाही. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न देता इंजिन पूर्वी जितकं हळू फिरायचं तितकंच आताही फिरतंय, इकबालभाईंनी मीटर लावून दाखवलं. झाशी रोडला चढावर दाबली. चढली! गाडीत एकटीच मोठ्याने हसले.

१७ ऑगस्ट
सकाळी गोरखीजवळ रस्ता रिकामा होता. विसर्जनाची तालीम. बाबा काठी घेऊन पुढे, मी मागे, पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता; तासन्‌तास दाबला तर जळेल. जरा पुढे जातो तोच बंपर बाबांच्या पायाशी. ब्रेक. बंद. पुन्हा सुरू. पुन्हा तेच.
बाबा भडकले. "कॅममध्येच गडबड आहे तुझ्या! मागच्या वर्षी मस्त चालली होती की, माझ्या मागे मागे."
पण इंजिन तर पाय न देता पूर्वीइतकंच फिरतंय. गाडीचा वेग मागच्या वर्षीइतकाच आहे. हळू झालेत ते बाबा.

१८ ऑगस्ट
इकबालभाईंचा फोन. "अंकलजी का फ़ोन आया था. पुराना वाला वापस डाल दूँ?"
नको म्हटलं. जुना घातला तरी बंपर तिथेच येणार.
संध्याकाळी शितोळेकाका दारावरून गेले, बाबांनी उठून दार लावून घेतलं. राग गाडीवर काढतायत. काढू दे.

२१ ऑगस्ट
कॅम राहणार. बाबांना सांगायचं, यंदा पुढे चालू नका, माझ्या शेजारी बसा. एवढंच वाक्य. आरशासमोर म्हणून पाहिलं, रडूच आलं.
त्यांच्या खोलीत गेले. चहा हवाय का विचारलं, बाहेर आले. थोड्या वेळाने परत गेले, परत चहाच.
"अगं, चहाशिवाय दुसरं काही बोलायचंय का?"
नाही म्हटलं.
उद्या सांगणार.