मारिव्हिकची खोली

चि. पर्लिता,

दुसऱ्या बाकावरून डोळे मिटून कविता म्हणायचीस, ती तू. आता मनिलाच्या परवाना मंडळात तुझी सही चालते. आमच्या शाळेत मारिव्हिक मुलांचं मन ऐकून घेते, पण तिला समुपदेशनाचा परवाना नाही, म्हणून तिची खोली बंद करा, असा तुझा हुकूम आला. परवान्यासाठी आधी परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करायचं. आमच्या बेटावर तसा माणूस एकही नाही, आणि व्हिडिओवरची देखरेख तुम्ही मोजत नाही.

तुझ्या वर्गातला रोमेल आठवतो? शाळा सुटताना आपल्या रीतीप्रमाणे माझा हात कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायला तो वाकला, बाही सरकली आणि मनगटावरच्या खुणा मला दिसल्या. मी काय केलं? समुद्रावरची एक कविता पाठ करायला दिली. त्याने ती घडाघडा म्हणून दाखवली. सोमवारी त्याचं बाक रिकामं होतं, ते कायमचंच. कविता मला आजही प्राणाहून प्रिय आहे, पण ते काम तिचं नव्हतं.

परवा मारिव्हिकने विचारलं, "सर, कुलूप लावू?"

"लाव की! बाहेर बसलेल्या पोरांना सांग, मनिलाहून बोट येईपर्यंत रडू नका."

ती हसली आणि तिने पुढच्या मुलीला आत घेतलं.

हे पत्र टपालात टाकत नाही. तुझ्या फायलींत ते हरवेल. शुक्रवारच्या बोटीने ते तुझ्या हातात द्यायला मीच येतोय, रोमेलच्या आईला घेऊन. नियम तिला तूच समजावून सांग.

तुझे न ऐकणारे सर,
एउसेबियो