दहावं माप

जानेफळ, १२ ऑक्टोबर २०२३

चि. प्रेम यास,
जयाताईचा आशीर्वाद अन् प्रभूच्या नावात सलाम. माय बरी हाये. तिकडं सारे खुशाल असाल.

फोनवर मी रडते अन् तू चूप बसतं, म्हणून लिहून राह्यली. बाबाच्या मातीले तू आला अन् दुसऱ्या दिवशी नाशिकले परत गेला. एक गोष्ट तुले कोणीच सांगतली नाही.

माघात तूर निघाली अन् त्याच हप्त्यात बाबाले लकवा मारला. सारी तूर दवाखान्यात गेली. जल्मभर बाबानं पीक घरात यायच्या आधी दशमांश काढला, दहावा हिस्सा प्रार्थनाघराले देला. यंदा पह्यल्यांदा चुकला. श्रावणातल्या एका रविवारी पास्टर शालिग्रामनं बायबलातलं मलाखीचं पुस्तक उघडलं. दशमांश न देणं म्हणजे देवाची चोरी, असं शिकवलं. मग म्हणाला की आपल्यातच असं एक घर हाये, अन् त्या घरावर देवाचा हात कसा पडला ते तुम्ही पाहूनच राह्यले. सारे मायकडं वळले. मायनं पदर तोंडावर ओढला.

ते कोणीतरी बाबाच्या कानावर घातलं. बोलता येत नव्हतं, पण डाव्या हातानं ते दुभत्या बकरीकडं बोट करत राह्यले. ती पास्टरच्या दारात बांधून येईस्तोवर त्यायनं मले बसू देलं नाही. तिचंच दूध त्यायच्या पोटात जात होतं. मी दुसरं दूध आणलं तर तोंड फिरवलं. मग ते गेले अन् तू आलाच. मातीवर उभा राहून पास्टर म्हणाला, उकंडराव देवाचं देणं फेडून गेले. तू आमेन म्हणला. मी ऐकलं.

प्रार्थनाघर आपल्या वावराच्या कोपऱ्यावर हाये, बाबानं तोंडी देलेल्या जागेवर. मी त्याले कुलूप लावून राह्यली. तूही वारस हायेस, म्हणून तुहा होकार पाह्यजे. शास्त्र नको शिकवू, हो का नाही एवढंच कळव.

माया आटू देऊ नको.
तुही, जयाताई

&nbsp;

नाशिक, २३ ऑक्टोबर २०२३

ती. जयाताईस,
प्रेमचा सलाम. आईला नमस्कार. प्रेरणा आणि मुलं ठीक आहेत.

तुझं पत्र शाळेतच उघडलं आणि पुढचा तास मला घेता आला नाही. मी आमेन म्हणालो, कारण मला ठाऊक नव्हतं. हे माझं समर्थन नाही.

शास्त्र नको म्हणालीस, तरी थोडं ऐक, मास्तराची खोड आहे. दशमांश मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशासाठी होता, कारण त्यांना जमीन नव्हती. दर तिसऱ्या वर्षी तो परक्यांच्या, पोरक्यांच्या आणि विधवांच्याही ताटात जायचा. म्हणजे आज तो आपल्या आईच्या ताटात यायला हवा. प्रेषित पौल तर सरळ सांगतो की ज्याने त्याने मनात ठरवलं तेवढं द्यावं, जबरदस्तीने नाही. मीसुद्धा इथे दर महिन्याला दहावा हिस्सा देत नाही. कधी कमी, क्वचित जास्त. पास्टर चुकला. पण बाबा हसत द्यायचे, हेही खरं. दशमांशाच्या टोपलीतून भुईमुगाच्या शेंगा पळवणारी तू, आणि पाहून न पाहिल्यासारखं करणारे ते.

कुलूप लावू नकोस. म्हाताऱ्या बाया कुठे जातील? सूड देवाकडे सोपव. मी हो म्हणत नाही. पण तू लावलंस तर आडवाही येणार नाही.

माझ्यावरचा लोभ या पत्राने कमी होऊ नये.
तुझा, प्रेम

&nbsp;

जानेफळ, ८ जानेवारी २०२४

चि. प्रेम यास,
आशीर्वाद. नव्या वर्षाचा सलाम.

आडवा येणार नाही म्हणला, तेवढं मले पुरलं. नाताळाच्या आदल्या शनिवारी कुलूप लावलं. माय भाकरी थापत राह्यली. पास्टरनं नाताळाची भक्ती रस्त्यावर घेतली. थंडीत उभे राहून सारे गात होते अन् मी वावरातून ऐकत होती. मले वाटलं होतं त्याचा आवाज कापन. नाही कापला.

म्हणून मी पुढचं केलं. आपल्या लोकायच्या घरोघरी गेली अन् तुहं शास्त्र सांगतलं. पौल काय म्हंतो, लेवी कोण होते, सारं. म्हंतलं, मनाले विचारा अन् मग द्या. लोकायचं मन असं विचारायचीच वाट पाहून राह्यलं होतं. आता त्याच्या दारात एक पसाभर दाणे जात नाहीत. त्याले कुठला पगार नाही, हे तुले माहीतच हाये. तो मेहकरच्या बाजारात पोते उचलाले जाऊन राह्यला. कोकिळा, त्याची बायको, अंथरुणाले खिळली. मी काम नसतानाही त्या वाटेनं जाते. त्याच्या पाठीवर पोतं पाह्यलं की मले रात्री झोप लागते.

तू हे वाचून तोंड वाकडं करशीन. कर. पण त्या रविवारी मायच्या बाजूले तू बसला नव्हता.

राग धरू नको, धरला तरी पत्र धाड.
जयाताई

&nbsp;

नाशिक, २१ जानेवारी २०२४

ती. ताईस,
सलाम.

पोत्याचं वाचून आधी मी हसलो, हे कबूल करतो. प्रेरणाने विचारलं काय झालं. मग हसू गेलं. मी लिहिलेलं शास्त्र तू विळ्यासारखं वापरलंस आणि धार मीच लावून दिली होती.

ताई, आजारी बाईला उपाशी ठेवणं यात बाबांचं काही नाही. तुला सूडच हवा असेल तर पौलाने तोही सांगून ठेवलाय. वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाल, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास होईल. प्रेमाने जमणार नसेल तर निखाऱ्यांसाठी जा, पण जा. यंदाची तूर निघालीच असेल.

तुझ्या रागाइतकीच तुझी मायाही मोठी आहे, त्यातली थोडी इकडे असू दे.
प्रेम

&nbsp;

जानेफळ, १५ फेब्रुवारी २०२४

चि. प्रेम यास,
आशीर्वाद. मायले बरं हाये.

तुहे निखारे घेऊन गेली होती. प्रेमानं नाही, खोटं काऊन बोलू. मले त्याची मान खाली गेलेली पाहाची होती. नवी तूर पोत्यात भरली अन् त्याच्या ओसरीवर नेऊन ओतली. म्हंतलं, तुमच्या घरात दाणा नाही असं ऐकलं, हे चोराच्या घरून आलं.

त्यानं मान खाली घातली नाही. शरमला नाही, मले आशीर्वादही देला नाही. आतून माप घेऊन आला अन् मोजाले बसला. नऊ मापं एका बाजूले, दहावं पाटीत. मले आधी समजलंच नाही. मग तो म्हणाला की पाटीतलं प्रभूचं हाये, प्रार्थनाघराले कुलूप हाये म्हणून जाताना तूच घेऊन जा. आतून कोकिळा खोकत म्हणाली की हमालीच्या पैशातूनही ते असंच काढून ठेवतात, त्यायले काही सांगू नको बाई, ते ऐकत नाहीत.

प्रेम, मी इतके महिने धरून चालली होती की तो चोर हाये. दशमांशाच्या नावानं आपलं पोट भरतो. चोर असता तर बरं झालं असतं.

मंग मी सारं बोलली. म्हंतलं, तुमच्या त्या रविवारच्या बोलण्यानं माह्या बापानं बकरी तुमच्या दारात बांधाले लावली अन् मग दुसरं दूध तोंडाले लावलं नाही. ते देणं फेडून नाही गेले, उपाशी गेले. त्याचा हात मापावरच थांबला. मले वाटलं आता हा माफी मागन, नाहीतर मलाखी काढन. दोन्ही झालं नाही. ओठ हलत होते, पण आकडा येत नव्हता. तो मोजणी विसरला होता. मंग त्यानं दोन्हीकडचे दाणे हातानं एकत्र केले अन् पह्यल्यापासून मोजाले लागला. डोळ्यातून पाणी गळून राह्यलं होतं, अन् तो मोजत होता.

मी सारं होईस्तोवर तिथंच उभी राह्यली. निघून येता आलं असतं, आली नाही.

मी त्याले माफ केलं असं समजू नको. पाटी आपल्या घरी आणली हाये. माय विचारते हे काय, अन् मी पाटी झाकून ठेवते. पाटी घेऊन दोनदा प्रार्थनाघरापर्यंत गेली अन् परत आली. किल्ली या पाकिटात धाडून राह्यली. तू ये अन् तू उघड. माह्या हातानं होत नाही.

आला की आधी मायजवळ बस.
तुही, जयाताई