आधी दिवा लाव

तीर्थरूप आईस, तुझ्या धाकट्याचा दुरून नमस्कार.

विजेच्या बिलाच्या धाकाने आपण जन्मभर अंधारात जेवलो, हा राग जसा तुझा तसाच माझाही. पण तो काळ गेला, आई! मी इथे छपरांवर सोलर पॅनेल बसवतो. ती इतकी स्वस्त झालीत, की शेजाऱ्याने बागेला त्यांचंच कुंपण घातलंय. "लाकूड महाग पडतं," म्हणतो.

आपल्याही छपरावर ती आहेत, बॅटरी आहे. तरी व्हिडिओ कॉलवर तू अंधारातच! वर म्हणतेस, "बोलायला उजेड कशाला?" अगं, इथे खोलीत लख्ख उजेड आहे, पण बघायला माणूस नाही. तुझा दुखरा गुडघा खरंच बरा आहे ना?

रविवारी फोन वाजला, की आधी दिवा लाव.

तुझा,
धाकटा