गिरणीवरचा क्लास आणि तुमचं ‘मस्त’

सर, तुमचा राग आलाय आणि इतक्या वर्षांत तो उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

मुरबाडला पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर तुमचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली पट्टा फिरायला लागला की वर स्क्रीन थरथरायचा. पहिल्याच आठवड्यात मी पानभर टाइप केलं, सेव्ह केलं, मशीन म्हणालं झालं, आणि तुम्ही सरळ मेन स्विच पाडलात! परत चालू केलं तर फाइल रिकामी. मी रडकुंडीला आलेली, आणि वर मलाच झापलंत. “मशीन झालं बोलते म्हणून झालं नाय गो. त्यानं ते मेमरीत ठेवलंय, डिस्कवर सवडीनं लिवणार. तोवर लाइट गेली का संपलं.” मग थेट डिस्कवर लिहायला शिकवलंत. ते इतकं हळू चालायचं की जीव नको व्हायचा. तरी दर वेळी स्विच पाडायचा, फाइल पुन्हा उघडायची आणि मोठ्यानं वाचून दाखवायची. त्याशिवाय तुम्ही घरी सोडत नव्हता.

आज त्याच विद्येवर माझं पोट आहे. वेग हवा तिथे मी मेमरीत ठेवते, जे हरवून चालणार नाही ते थेट डिस्कवर. डिस्कच्या पोटातही थोडी मेमरी असते, तीसुद्धा खुशाल ‘झालं’ म्हणते, म्हणून तिलाही खोदून विचारते. ऑफिसातली पोरं हसतात. हसू देत.

आणि तुम्ही? शेवटची भेटले तेव्हा शर्ट खांद्यांवरून लोंबत होता. “सर, बरे आहात ना?” “मस्त! जा तू, एसटी चुकेल.” मी शहापूरची एसटी पकडली. तुम्ही दुखणं आतच धरून ठेवलंत, घरी बाईंनाही कळू दिलं नाहीत, आणि महिन्याभरात गेलात. काही वाटलं नाही तुम्हाला? ज्या ‘झालं’वर आम्हाला कधी विश्वास ठेवू दिला नाहीत, तेच माझ्या तोंडावर फेकलंत! मी रजा टाकून तुमच्या उशाशी बसले असते. तेवढंही करू दिलं नाहीत. फार वाईट केलंत, सर.

हे पत्र धाडणार तरी कुठे? राहील इथेच. फक्त एक सांगते. आज सकाळी वाशिंदहून आईचा फोन आला. “बरी हायस ना गो?” मी दवाखान्याच्या बाकावर होते, गाठीत सुई घालून तपासायला नमुना घेतला होता, तिथला कापूस दाबून धरलेला. म्हटलं, “मस्त.”