समोरच्याने जास्त बोलायला हवं

३ जून, सोमवार
आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात जनसंपर्क अधिकाऱ्याची जागा निघाली. अट: संवादशास्त्राची पदवी, निदान या महिन्यात त्या कोर्सला प्रवेश. तक्रारखिडकीवर माझा जन्म गेला. समोर आलेला माणूस सहसा तक्रार न नोंदवताच परत जातो. याला संवाद नाही तर काय म्हणायचं? पदवी म्हणजे नुसता शिक्का.
संकल्प: स्वस्त आणि मस्त कॉलेज शोधणे. आठवडा पुरे.

६ जून, गुरुवार
पहिलं कॉलेज. काचेची इमारत, लिफ्टमध्ये संगीत. फी ऐकून खाली बसलो. खुर्ची छान होती. तेवढ्या पैशांत घरावर मजला चढेल. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, काका, मुलाचं नाव काय? तिला संवादाचं महत्त्व समजावून सांगितलं. तिची जेवणाची सुट्टी त्यात गेली.

८ जून, शनिवार
ऑनलाइन पदवी सापडली. दीड महिना, परीक्षा नाही, फ्रेम फुकट. मेहुणा म्हणाला, दाजी, मग नुसती फ्रेमच मागवा, दीड महिना तरी कशाला घालवता! जळतो. बायकोनं विचारलं, शिकवणार कोण? प्रश्न बाळबोध, पण उत्तर वेबसाइटवरही नव्हतं. रद्द.

१२ जून, बुधवार
सापडलं! सरकारी सायंकालीन कॉलेज. फी विजेच्या बिलाएवढी, प्राध्यापिका नावाजलेल्या. एकच जागा उरलीय. प्रवेशासाठी एका संभाषणाचं रेकॉर्डिंग द्यायचं. त्यात समोरचा आपल्यापेक्षा जास्त बोललेला हवा. कोण किती बोललं ते कॉलेजचं अ‍ॅप टक्क्यांत सांगतं. आपल्या डाव्या हातचा मळ.

१३ जून
मेहुण्याबरोबर. मी ९१ टक्के. अ‍ॅप बिघडलेलं असावं.

१५ जून, शनिवार
न्हाव्याकडे गेलो. न्हाव्यापुढे कुणाचं चाललंय? मी ८८. साहेब, डोकं हलवू नका, एवढंच त्याचं योगदान. कान थोडक्यात वाचला. पण प्रगती आहे.

१८ जून, मंगळवार
खिडकीवर एक आजोबा आले. आठवडाभर नळाला पाणी नाही. म्हटलं, बोला, मनमोकळं बोला. मग त्यांना संदर्भ कळावा म्हणून पाइपलाइनचा इतिहास सांगितला. ते टोपी घालून निघून गेले. ९४. हल्ली लोकांना धीर नाही.
साहेबांनी बजावलं: शुक्रवारी प्रवेशाची पावती दाखवा, नाहीतर जागा शेजारच्या खिडकीवरच्या बाईंना. त्यांच्याकडे पदवी आधीपासूनच आहे म्हणे. कधी बोलल्या नाहीत.

२० जून, गुरुवार
शेवटचा उपाय: बायको. म्हटलं, आज तू बोल, मी ऐकतो. म्हणाली, काय बोलू? विषय सुचवला. तो पटेना म्हणून दुसरा. दुसरा का चांगला, ते समजावलं. ९६. म्हणाली, राहू द्या हो, मला सवय आहे. स्वभाव गोड आहे तिचा.

२१ जून, शुक्रवार
रेकॉर्डिंगशिवायच कॉलेजात गेलो. प्रत्यक्ष बोलण्यात जी ताकद आहे ती अ‍ॅपमध्ये नाही. साक्षीला बायको नेली. क्लार्कला माझी बाजू सविस्तर पटवून दिली. तो शेवटी डोळे मिटून ऐकत होता. इकडे बाहेरच्या बाकावर प्राध्यापिका आणि बायको गप्पा मारत बसल्या.
बाहेर आलो तर बायकोच्या हातात प्रवेशाची पावती. विचारलं, तुझं रेकॉर्डिंग कुठाय? म्हणाली, कालचंच दिलं. त्यात समोरचा माझ्यापेक्षा जास्त बोलला ना?
नियमात बसतं. म्हणजे मुळात प्रवेश माझ्याच बोलण्यावर मिळाला. पावती साहेबांना दाखवली. त्यांनी नाव वाचलं आणि शेजारच्या बाईंना आत बोलावलं.

२४ जून, सोमवार
बायकोचा पहिला तास. संध्याकाळभर घरात एकटाच. भिंतीवरच्या कॅलेंडरला दोन गोष्टी समजावल्या.
ती आली ती बोलतच. वर्ग कसा, बाई कशा, शेजारी बसलेला ड्रायव्हर किती हसवतो. मी तोंड उघडलं तर म्हणाली, अहो थांबा, माझं संपू दे. थांबलो. बरीच बोलली. इतकं ती पूर्वी कधी बोलली होती, आठवत नाही.
मग पाणी प्यायली आणि म्हणाली, आता सांगा, तुम्हाला काय वाटतं?
काही सुचलं नाही. भूक लागली असावी.