चंद्रप्रकाशसरांच्या फोटोमागचा काळा रंग

अंधेरी, ऑफिसातून, शुक्रवार

ती. सौ. माधुरीआत्या हिला,

शौनकचा साष्टांग नमस्कार (या खेपेला खरोखरच जमिनीवर आडवा होऊन, कारण पायांत त्राण उरलेलं नाही). तुझा गुडघा काय म्हणतो? काकांची साखर आटोक्यात आहे ना? इकडे सगळे खुशाल आहेत. मी सोडून. फोन असताना हा पत्र काय लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. पण माझे हात असे थरथरतायत की मजकूर चुकून तुमच्या सोसायटी-सेक्रेटरींच्या ग्रुपवर जायचा. त्या ग्रुपच्या नावानेच मला हल्ली घाम फुटतो.

तुला ठाऊकच आहे, तुमच्या सोसायटीची बिलं ज्या 'सोबती' सॉफ्टवेअरवर निघतात, त्या अंधेरीच्या कंपनीत तूच ओळख काढून मला चिकटवलंस. माझं काम म्हणजे मदतीची वेबसाइट सांभाळणं: मेंटेनन्सची पावती कशी काढावी, दंड कसा लावावा, लावलेला दंड कसा माफ करावा (हेच पान सगळ्यात जास्त वाचलं जातं). अजून मला कायम केलेलं नाही. आमचे मालक चंद्रप्रकाशसर मनात आलं की कायम करतात आणि मनात आलं की घरी पाठवतात. त्यांच्या केबिनवरून जाताना मी अजूनही श्वास रोखून धरतो.

तर हे सर गेल्या आठवड्यात गोराईच्या बाजूला मौनाच्या शिबिराला गेले. तिथे फोन काढून घेतात. जाताना म्हणाले, "शौनक, ती वेबसाइट म्हणजे पोपटी रंगाचं किराणा दुकान वाटतं. मी येईपर्यंत नवी करा. आजकाल काळं चालतं ना, तसं. आणि माझा फोटो वर पाहिजे." मी घाबरट माणूस, शब्दशः पाळलं. पाठीमागे काळा रंग दिला. डावीकडची लांबलचक यादी काढून मधोमध सरांचा फोटो बसवला, गोल. काळ्यावर उठून दिसावा म्हणून भोवती केशरी-पिवळ्या ठिपक्यांची कड दिली. प्रत्येक सूचनेपुढे खूण म्हणून लहानशी ज्योत असते, ती नव्या मांडणीत सरकून फोटोच्या पायाशी आली. आणि पानाच्या तळाशी कंपनीच्या हक्कांची (कॉपीराइटची) ओळ होती, तिथले आकडे तेवढे उचलून मी फोटोखाली ठेवले: १९९१–२०२५. माझ्या शेजारी बसणारी श्रुतिका म्हणाली, "झकास दिसतंय रे!" मी पान चढवलं आणि समाधानाने डबा उघडला.

पहिली पोळी संपायच्या आत वाकोल्याच्या एका सेक्रेटरींचा फोन आला. ते रडत होते. (दंडाचं पान सापडत नाही म्हणून नव्हे.) मग घाटकोपर, मग वांद्रे. सगळ्यांचा एकच प्रश्न: अचानक कसं झालं? डोक्यावर पांढरे केस असलेला माणूस चौतिसाव्या वर्षी कसा गेला, हा हिशेब एकानेही केला नाही, आणि हे लोक सोसायट्यांचे हिशेब ठेवतात! सरांचा फोन बंद. ते घरी एकटेच राहतात, तिथे कुलूप. संध्याकाळपर्यंत ऑफिसातही डोळे पुसणं सुरू झालं आणि जो तो त्याच सेक्रेटरींच्या ग्रुपवर श्रद्धांजली लिहू लागला. खरं काय ते मला माहीत होतं (श्रुतिकाही आता रडणाऱ्यांत होती). पण तोंड उघडलं तर नोकरी जाणार, या भीतीने जीभच उचलेना. आणि खरं सांगू? अंधार पडेपर्यंत मलाही वाटू लागलं की गेलेच असावेत.

रंग पुन्हा पोपटी करायला मी गेलो होतो, नाही असं नाही. श्रुतिकाने हात धरला. म्हणाली, "सुतक फिटायच्या आत पोपटी? वेडा आहेस का तू?" मग मी तेही सोडलं.

काल सर परत आले. पहारेकऱ्याने आधी दार लावून घेतलं, मग उघडलं. सर ओरडले नाहीत, आत्या, हेच मला सहन होत नाहीये. कालपासून केबिनमध्ये बसून नुसते फोनवरचे मेसेज वाचतायत. मघाशी आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला. आणि आता शिपाई सांगून गेलाय, मला आत बोलावलंय. परत आलोच तर पत्र पुरं करतो. घरच्या सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
शौनक

ता. क. आलो. सरांनी एकच मेसेज मला मोठ्याने वाचून दाखवला, तुझा. ग्रुपवर पहिली श्रद्धांजली तूच वाहिलीस ना? (निम्म्या मुलुंडच्या श्रद्धांजल्या तूच लिहितेस, मी ओळखायला हवं होतं.) मग म्हणाले, "जिवंतपणी माझ्याबद्दल कोणी असं बोललं नाही. काळा रंग राहू द्या, अजून मेसेज येतायत." मी सुटलो म्हणून वळलो, तोच मागून विचारलं, "शौनक, सगळ्या ऑफिसने लिहिलं. तुमचंच काही दिसलं नाही. मी गेल्याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही?" म्हणालो, "लिहून ठेवलंय सर, रडू आल्यामुळे पाठवायचं राहिलं." तर म्हणाले, सोमवारी घेऊन या, मग तुमच्या कायम होण्याचं बघू. आत्या, तुझ्या पाया पडतो, पत्र आजच कुरियरने धाडतोय, चार ओळी लिहून लगेच फोनवर पाठव. फक्त 'आत्म्यास शांती लाभो' घालू नकोस, समोर बसून वाचणार आहेत.

ता. क. २: तुझ्या मेसेजात 'त्यांनी आयुष्यात कधी कोणाच्या पोटावर पाय दिला नाही' असं एक वाक्य आहे. ते त्यांनी दोनदा वाचलं. माझ्या श्रद्धांजलीत ते सगळ्यात आधी घाल.